संस्थेचे फोटो-व्हिडिओ एडिट करायचे, तर सॉफ्टवेअर चौथ्या टप्प्यावर येतं

"एडिटिंगसाठी सोपं आणि फुकट सॉफ्टवेअर कुठलं?" नाशिकमधल्या लहान-मोठ्या स्वयंसेवी संस्थांकडून हा प्रश्न सतत येतो आणि बहुतेकदा चुकीच्या वेळी येतो. कुणीतरी हौसेनं ॲप उतरवून घेतं. दोन दिवस ट्रान्झिशन आणि इफेक्ट शिकण्यात जातात. तिसऱ्या दिवशी कळतं, की अर्धं फुटेज ज्या कार्यकर्त्याच्या फोनमध्ये होतं त्यानं जागा करायला ते उडवलंय. जिची मुलाखत सगळ्यांत चांगली झाली त्या बाईला व्हिडिओ इंटरनेटवर जाणार हे कुणी सांगितलेलंच नाही. आणि 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द पडद्यावर तुटून उमटतोय. यातली एकही अडचण सॉफ्टवेअर बदलून सुटत नाही.

तेव्हा खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. एक उदाहरण शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवू. समजा, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर तुमच्या संस्थेनं पाण्याची टाकी बांधली. लोकार्पण शुक्रवारी झालं. चौघांच्या फोनमध्ये मिळून तीनेकशे फोटो आणि चाळीसेक क्लिप आहेत. ज्या कंपनीनं सीएसआरमधून (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या निधीतून) पैसे दिले तिला सोमवारी सहा फोटो आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ हवाय. ऑफिसात आठ जीबी रॅमचा एक लॅपटॉप आहे आणि एडिटिंग करणाऱ्या ताईंना हिशेबाचंही काम आहे.

## टप्पा १ : कोणासाठी, किती, कधी – हे कागदावर लिहा

एकाच फुटेजमधून कंपनीचा अहवाल, गावकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा व्हिडिओ आणि फेसबुकवरची पोस्ट असं सगळं एका फाइलमध्ये बसवायला गेलं, की बारा मिनिटांची फिल्म तयार होते. त्यात दीपप्रज्वलन, सत्कार आणि तिघांची भाषणं असतात. ती विश्वस्तांखेरीज कुणी पूर्ण बघत नाही.

कागदावर चार ओळी पुरतात: बघणारा कोण, त्यानं बघून काय करावं, लांबी किती, आडवा की उभा. आपल्या उदाहरणात बघणारा म्हणजे कंपनीतला सीएसआर अधिकारी. पाणी खरोखर घरापर्यंत आलं हे त्याला दिसायला हवं. लांबी ९० सेकंद, व्हिडिओ आडवा. गावासाठी उभा व्हिडिओ हवा असेल तर तो नंतर, वेगळा.

तपासणी: हा कागद अध्यक्षांना आत्ताच दाखवा. "माझं भाषण का नाही घेतलं" ही तक्रार रविवारी रात्री ऐकण्यापेक्षा आज ऐकलेली बरी.

## टप्पा २ : परवानगी, आणि कोणाचा चेहरा दाखवायचाच नाही

या टप्प्याला सगळे घाईनं ओलांडतात. म्हणून इथे जरा थांबू.

शिबिरात घेतलेली सही म्हणजे फोटोची परवानगी नव्हे. तो हजेरीचा कागद असतो. फोटो-व्हिडिओसाठी वेगळा, मराठीत लिहिलेला अर्ध्या पानाचा अर्ज ठेवा: कुठे वापरणार (अहवाल, फेसबुक, यूट्यूब, वर्तमानपत्र), किती काळ, आणि नको वाटलं तर काढून टाकायला कोणत्या नंबरवर फोन करायचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि कॅमेरा चालू ठेवून तोंडी होकार घ्या. ती दहा सेकंदांची क्लिप जपून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची परवानगी हवी. आश्रमशाळेत शूट असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या, पण ती पालकांच्या परवानगीची जागा घेत नाही.

काही चेहरे परवानगी असली तरी दाखवता येत नाहीत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करायला पोक्सो कायदा, २०१२ चं कलम २३ मनाई करतं. बालगृह चालवणाऱ्या किंवा बालविवाहावर काम करणाऱ्या संस्थांनी हे भिंतीवर लावून ठेवावं.

ओळख म्हणजे फक्त चेहरा नाही. चेहरा धूसर केला, पण मागे शाळेची पाटी, गणवेशावरचा बिल्ला, घराचं दार, आणि आवाजात "मी अमुक वाडीची" हे तसंच राहिलं, तर गावातला कुणीही ओळखतो. त्यात हलका धूसरपणा बरेचदा कामाचा नसतो. चेहरा हलला की पट्टी मागे राहते आणि एखाद्या फ्रेममध्ये तो स्पष्ट दिसतो. म्हणून अशी मुलाखत शूट करतानाच पाठमोरी घ्या, किंवा हात, पाय, सावली एवढंच घ्या. एडिटिंगमध्ये झाकण्यावर विसंबू नका.

इशारा: 'एआय'नं चेहरा बदलणं, रडणाऱ्या मुलाला हसरं करणं, रिकाम्या शिबिरात गर्दी भरणं यातलं काहीही नको. देणगीदाराला एकदा हे कळलं, की तुमच्या खऱ्या फोटोंवरही त्याचा विश्वास बसत नाही.

## टप्पा ३ : सगळं एका जागी, मूळ दर्जात

चौघांना "फोटो ग्रुपवर टाका" असं सांगणं ही सर्वांत महागडी चूक. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकसतो. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही, पण अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला की चौकोन दिसू लागतात. मूळ फाइल हवी तर केबल लावून लॅपटॉपवर घ्या, गूगल ड्राइव्हवर चढवा, किंवा व्हॉट्सॲपवरच पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

'डॉक्युमेंट'ची एक दुसरी बाजू आहे. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात, आणि मूळ फाइलबरोबर तेही जातात. पाण्याच्या टाकीचं लोकेशन गेलं तर बिघडत नाही, पण महिला निवाराघराचं जाता कामा नये. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स' आणि सगळ्यात खाली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' असा रस्ता आहे. बाहेर जाणाऱ्या प्रतींवर तो वापरा.

आता फोल्डर. नावात तारीख आधी, मग तालुका, मग उपक्रम: वर्ष-महिना-दिवस, पेठ, पाणीटाकी. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न देता लिहा, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेताना कटकट होत नाही. आत चार उपफोल्डर करा.

1. मूळ: फोनमधून आलेलं जसंच्या तसं. इथल्या फाइलला कुणी हात लावायचा नाही.
2. पुरावा: जिओटॅगचे फोटो.
3. काम: एडिटिंगच्या प्रकल्पफाइल, निवडलेले फोटो, संगीत.
4. तयार: बाहेर पाठवलेल्या अंतिम प्रती.

'पुरावा' वेगळा का? सरकारी योजनांत आणि बऱ्याच सीएसआर करारांत तारीख, वेळ आणि जागा छापलेले जिओटॅग फोटो मागतात. ते फोटो कापायचे नाहीत, उजळायचे नाहीत आणि त्यावर लोगोही लावायचा नाही. काटछाट केलेला पुराव्याचा फोटो लेखापरीक्षणात प्रश्न उभे करतो, मग तुमचा हेतू कितीही साधा असो. जिओटॅग फोटो पोस्टरवर वापरू नका, आणि पोस्टरसाठी सुधारलेला फोटो पुरावा म्हणून जोडू नका.

'मूळ' फोल्डरची दुसरी प्रत त्याच दिवशी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. पेन ड्राइव्ह ही साठवणीची जागा नाही. ती खिशातून कुठेही जाते.

तपासणी: चारही फोनमधल्या फाइलची संख्या आणि फोल्डरमधली संख्या जुळते का? जुळल्यावर आणि दुसरी प्रत झाल्यावरच कार्यकर्त्यांना फोन मोकळा करायला सांगा.

### पुढच्या शूटला जाण्याआधी फोनमध्ये एवढं करा

- ब्युटी मोड पूर्ण बंद. अनेक फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसांचे चेहरे गोरे, गुळगुळीत करून टाकतो. नंतर हे उलटवता येत नाही.
- व्हिडिओचं रिझोल्यूशन १०८० वर ठेवा, त्याहून बारीक तपशिलाचं फोर-के नको. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपला फोर-के झेपत नाही. जागेचा हिशेबही बघा: एका मिनिटाचं १०८० चं फुटेज साध्या फॉरमॅटमध्ये साधारण १३० एमबी होतं, फोर-केचं ३५० च्या घरात जातं.
- 'हाय एफिशियन्सी' व्हिडिओ बंद ठेवा. त्या फाइल जुन्या विंडोजवर बऱ्याचदा उघडत नाहीत.
- ट्यूबलाइटच्या खोलीत व्हिडिओवर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्यात २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या, किंवा प्रो मोडमध्ये शटर १/५० ठेवा. पट्टे जातात.

## टप्पा ४ : आता सॉफ्टवेअर

नियम एकच: एका कामाला एक सॉफ्टवेअर, आणि ते वापरणारं एक ठरलेलं माणूस.

फोटो सुधारायला फोनवर स्नॅपसीड. गूगलचं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, वॉटरमार्क (ॲपच्या नावाचा शिक्का) नाही. नव्या माणसाला एका दुपारी येतं.

पोस्टर, पत्रक, आमंत्रण, अहवालाचं मुखपृष्ठ यासाठी कॅनव्हा. इथे बऱ्याच संस्था विनाकारण पैसे भरतात किंवा अर्धवट फुकट आवृत्तीत अडकतात. कॅनव्हाची नॉनप्रॉफिट योजना आहे. पात्र ठरलेल्या संस्थेला प्रो (एरवी पैसे भरून मिळणाऱ्या) सुविधा फुकट मिळतात आणि ५० जणांपर्यंत जोडता येतात. नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन कार्ड स्कॅन करून हाताशी ठेवा. अर्जात संस्थेचं नाव कागदपत्रावर आहे तसं, स्पेलिंगसकट लिहा. 'बहुउद्देशीय'चं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं असेल, तर अर्ज अडकायला तेवढं पुरतं.

फोनवर व्हिडिओ कापायला व्हीएन. फुकट आहे आणि वॉटरमार्क टाकत नाही. इनशॉट आणि काइनमास्टर चांगले आहेत, पण त्यांच्या फुकट आवृत्तीत वॉटरमार्क येतो, आणि कंपनीला पाठवायच्या व्हिडिओच्या कोपऱ्यात दुसऱ्याचं नाव शोभत नाही.

लॅपटॉपवर व्हिडिओ असेल तर शॉटकट. मुक्त स्रोत, कायम फुकट, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प आधीपासूनच असतं आणि १०८० पर्यंत फुकट एक्स्पोर्ट देतं, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढून देतं. दोन क्लिप जोडून नाव टाकायचं असेल तर तेही पुरतं. दाविंची रिझॉल्व्ह फुकट आणि फार ताकदीचं आहे, पण त्याला १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. आपल्या उदाहरणातल्या लॅपटॉपवर ते उघडेल आणि मग तुमची सहनशक्ती तपासत बसेल.

इशारा, कॅपकटबद्दल: यूट्यूबवरचे शिकवणीचे व्हिडिओ बघून कार्यकर्ते एडिटिंगचं हेच ॲप मागतात. भारतात ते अधिकृतपणे उपलब्ध नाही. कुठल्या तरी साइटवरून त्याची एपीके फाइल (ॲप फोनमध्ये थेट बसवणारी फाइल) उतरवली, की संस्थेच्या फोनमध्ये काय काय शिरतंय ते तुम्हाला कळणार नाही. तीच गोष्ट शेअरइटची. २९ जून २०२० ला सरकारनं बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ते होतं, तरी फाइल पाठवायला अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये सापडतं.

इशारा, 'क्रॅक'बद्दल: कॉम्प्युटर दुरुस्त करणारा "प्रीमिअर टाकून देतो, फुकट" म्हणतो. प्रीमिअर हे विकतचं व्हिडिओ सॉफ्टवेअर, आणि 'क्रॅक' म्हणजे त्याचं कुलूप तोडलेली प्रत. नाही म्हणा. तो चोरीचा माल आहे आणि त्याबरोबर व्हायरस येऊ शकतो. त्याच लॅपटॉपवर देणगीदारांची यादी आणि बँकेचं लॉगिन असतं.

खाती कुणाच्या नावावर उघडता, याकडे नीट बघा. कॅनव्हा, यूट्यूब आणि ड्राइव्ह स्वयंसेवकाच्या खाजगी जीमेलवर उघडलं, पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, की पाच वर्षांचं काम त्याच्याबरोबर जातं. संस्थेच्या नावाचा ईमेल करा. पासवर्ड दोघांकडे ठेवा आणि टू-स्टेप पडताळणीला संस्थेचा मोबाइल नंबर द्या. गूगल फॉर नॉनप्रॉफिट्समध्ये पात्र संस्थेला वर्कस्पेस (संस्थेच्या नावाचा ईमेल, ड्राइव्ह वगैरे) फुकट मिळतं, त्यात १०० टीबी सामायिक जागा आहे. फुकटच्या १५ जीबीत फुटेज कोंबत बसण्यापेक्षा तो अर्ज एकदा भरा.

## टप्पा ५ : फोटो – आधी निवड, मग सुधारणा

तीनशे फोटो सुधारायचे नसतात. सहा सुधारायचे असतात. पहिल्या फेरीत हललेले, डोळे मिटलेले आणि एकसारखे बाजूला काढा. दुसऱ्या फेरीत वीस ठेवा. तिसऱ्या फेरीत टप्पा १ चा कागद समोर ठेवून सहा निवडा: टाकी लांबून, नळाखाली भरणारा हंडा, वापरणाऱ्या बाई जवळून, पूर्वीचा झरा किंवा विहीर, पाणी समितीची बैठक, आणि एकच कार्यक्रमाचा. फीत कापतानाचे चार फोटो पाठवलेत तर टाकी दिसतच नाही.

स्नॅपसीडमधला क्रम असा:

1. रोटेट: क्षितिज आणि टाकीची कड सरळ करा.
2. क्रॉप: कडेला आलेला अर्धा हात, चपला आणि खुर्च्या काढा. माणसाला मनगटावर किंवा गुडघ्यावर कापू नका.
3. ट्यून इमेज: दुपारच्या उन्हात चेहरे काळे आणि आकाश पांढरं येतं. 'शॅडोज' थोडं वर, 'हायलाइट्स' थोडं खाली. 'सॅच्युरेशन'ला शक्यतो हात नको. गवत हिरवंगार करण्याच्या नादात साड्या बोलायला लागतात.
4. व्हाइट बॅलन्स: निळ्या ताडपत्रीखाली घेतलेल्या फोटोत सगळे आजारी दिसतात. ते इथे सुधारतं.

एचडीआर फिल्टर टाळा. सुरकुत्या कोरल्यासारख्या दिसतात आणि म्हातारी माणसं उगाच केविलवाणी वाटतात.

तपासणी: मूळ आणि सुधारलेला फोटो शेजारी ठेवा. माणसाच्या कातडीचा रंग बदललाय का? बदलला असेल तर मागे जा.

छापायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: ए-४ पूर्ण पानाला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. ग्रुपवरून आलेला फोटो तिथे पुरत नाही.

## टप्पा ६ : व्हिडिओ – बोलणं आधी, दृश्यं नंतर

नवशिक्यांची सवय अशी: सुंदर दृश्यं एकामागे एक लावायची, खाली गाणं टाकायचं आणि मग मुलाखत कुठे बसेल ते शोधायचं. उलटं करा.

सगळ्या क्लिप एकदा बघा आणि वहीत लिहा: फाइलचा क्रमांक, किती मिनिट-सेकंदावर कोण काय बोललं. कंटाळवाणं काम आहे, पण याच तासानं पुढचे चार तास वाचतात. दीड मिनिटात साधारण दीड-पावणेदोनशे शब्द बोलून होतात. त्यातली काही जागा शांत दृश्यांना द्यायची, म्हणजे बोलण्याला सव्वाशे शब्द. वहीतून तेवढीच वाक्यं निवडा. "पहाटे चारला उठून झऱ्यावर नंबर लावायचो" असं एक वाक्य मिळालं तर सुरुवात तिथूनच. संस्थेचा लोगो पहिल्या पाच सेकंदांत नको, शेवटी येऊ दे.

शॉटकटमध्ये:

1. नवीन प्रकल्प उघडताना तो 'काम' फोल्डरमध्ये ठेवा आणि व्हिडिओ मोड स्वतः निवडा: शूट २५ फ्रेमचं असेल तर १०८० पी २५, नाहीतर ३०. 'ऑटोमॅटिक'वर सोडलंत आणि पहिली क्लिप उभी निघाली, तर सगळा प्रकल्प उभा होऊन बसतो.
2. क्लिप आत घेताना ती 'व्हेरिएबल फ्रेम रेट'ची (सेकंदाला फ्रेमची संख्या कमी-जास्त होणारी) असल्याचं सांगून शॉटकट ती बदलून द्यायची तयारी दाखवतं. हो म्हणा. फोनचं फुटेज बहुधा असंच असतं. ते न बदलता कामाला लागलात, तर शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होते.
3. लॅपटॉप अडखळत असेल तर सेटिंगमध्ये 'प्रॉक्सी' चालू करा. हलक्या प्रतींवर काम होतं आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होतो.
4. आधी फक्त मुलाखतीचे तुकडे टाइमलाइनवर लावा. कापायला 'एस', नको तो तुकडा काढून पोकळी बुजवायला 'एक्स'.
5. डोळे मिटून ऐका. गोष्ट नुसती ऐकून कळते का? कळत नसेल तर दृश्यांनीही ती कळणार नाही.
6. मग वरच्या ट्रॅकवर दृश्यं टाका: हंडा, पाइप, पाड्याचा रस्ता. एक दृश्य तीन ते पाच सेकंद. बोलण्यात जिथे कापलंय ती उडी या दृश्यांखाली झाकली जाते.
7. दोन दृश्यांमध्ये साधा कट. पान उलटणारे, चक्राकार फिरणारे ट्रान्झिशन लग्नाच्या व्हिडिओत राहू द्या.

इशारा: प्रकल्पफाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. ती फक्त कुठली क्लिप कुठून घ्यायची हे लिहून ठेवते. मधेच 'मूळ' फोल्डरचं नाव बदललंत किंवा हार्ड डिस्क काढलीत, तर सगळ्या क्लिप हरवलेल्या दिसतात.

## टप्पा ७ : आवाज

चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात. बोलणं ऐकू आलं नाही तर व्हिडिओ बंद करतात. तरी पैसे कॅमेऱ्यावर खर्च होतात आणि कॉलरला लावायचा साधा माइक कुणी घेत नाही.

मुलाखतीचे सगळे तुकडे एका पातळीवर आणा. शॉटकटमध्ये 'नॉर्मलाइझ' फिल्टर त्यासाठीच आहे. मागे पंप किंवा जनरेटरची सलग घरघर असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'नॉइज रिडक्शन' करा: फक्त घरघर असलेले एक-दोन सेकंद निवडून प्रोफाइल घ्या, मग पूर्ण आवाजावर लावा. जोर कमी ठेवा. जास्त झालं की माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा वाटतो. वाऱ्याचा फडफडाट असा जात नाही. तो शूटच्या वेळीच आडोसा घेऊन टाळावा लागतो.

संगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या आणि श्रेय द्यायची अट आहे का ते पाहा. चित्रपटातलं गाणं लावलं तर हक्काचा दावा येतो, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ अडवला जातो. "आम्ही संस्था आहोत, नफा नाही" या सबबीनं तो दावा उठत नाही. पाड्यावरच्या बायकांनी स्वतः म्हटलेलं गाणं रेकॉर्ड केलं असेल आणि त्यांचा होकार असेल, तर त्याहून चांगलं काय! त्यांची नावं शेवटी लिहा.

तपासणी: इअरफोन न लावता, स्वस्त फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐका. प्रत्येक वाक्य कळलं तर पुढे.

## टप्पा ८ : पडद्यावरचं मराठी

इथे नाशिकचीच एक सोय आहे. कुठलंही सॉफ्टवेअर आणि कुठलाही फॉन्ट तपासायचा तर आधी ही ओळ टाइप करा: "त्र्यंबकेश्वरच्या दुसऱ्या विद्यार्थ्यांनी ॲपमधून श्री कृष्णाची कृती केली." वेलांटी अक्षराच्या मागे गेली, रफार भलतीकडे बसला, 'ऱ्या' तुटला किंवा 'ॲ'च्या जागी चौकोन आला, तर तो फॉन्ट किंवा ते सॉफ्टवेअर मराठीच्या कामाचं नाही. सगळा मजकूर टाकून झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

जुने अहवाल श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतात. तिथून कॉपी करून कॅनव्हात टाकलं की खुणाच खुणा येतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखं उमटणाऱ्या पद्धतीत) बदलून घ्या, आणि बदलल्यावर डोळ्यांनी वाचा. जोडाक्षरं, 'ऱ्ह' आणि आकडे हमखास बिघडतात. युनिकोडमध्ये मुक्ता, बलू आणि नोटो सान्स देवनागरी हे फुकट आणि वाचायला स्वच्छ फॉन्ट आहेत. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी बघा.

एखाद्या ॲपमध्ये मराठी तुटतच असेल तर हट्ट सोडा. कॅनव्हात तो मजकूर पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीमध्ये उतरवा आणि चित्र म्हणून व्हिडिओवर ठेवा. पारदर्शक पीएनजी ही प्रो सुविधा आहे, टप्पा ४ मधला अर्ज इथे उपयोगी पडतो.

सबटायटल द्याच, कारण बरेच जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात. प्रमाण मराठी बोलणं असेल तर गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगनं पहिला खर्डा पटकन निघतो. पेठ-सुरगाण्याकडचं कोकणा बोलीतलं बोलणं मशीनला कळत नाही. तिथे त्याच भागातल्या कार्यकर्त्याला शेजारी बसवा. बोलणाऱ्याचं म्हणणं 'शुद्ध' करून भलतंच लिहू नका. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, पांढरी अक्षरं, मागे गडद पट्टी.

तपासणी: गावांची आणि माणसांची नावं गावातल्याच माणसाकडून वाचून घ्या. सरपंचांचं आडनाव चुकलं तर पुढच्या कामाला अडचण येते.

## टप्पा ९ : एक्स्पोर्ट आणि शेवटची चाळणी

- कंपनीसाठी, यूट्यूबसाठी: आडवा, १९२० बाय १०८०, एमपी-४, एच.२६४. शॉटकटमध्ये 'यूट्यूब' हा तयार पर्याय निवडला की बस्स.
- रील आणि स्टेटससाठी: उभा, १०८० बाय १९२०. आडवा व्हिडिओ नुसता फिरवू नका. उभ्या चौकटीत माणूस मधोमध आणून नव्यानं कापा आणि अक्षरं वरच्या-खालच्या कडांपासून लांब ठेवा, तिथे ॲपची बटणं येतात.
- गावातल्या ग्रुपसाठी: ७२० ची लहान फाइल. पाड्यावर रेंज एका टेकाडावरच मिळते, तिथे २०० एमबी उतरत नाही.

पाठवण्याआधी, ज्यानं एडिट केलंय त्याला सोडून दुसऱ्या कुणीतरी तीन वेळा बघावं: एकदा आवाज बंद करून फक्त अक्षरं, एकदा नुसता आवाज, आणि एकदा मागची पार्श्वभूमी. तिसऱ्या फेरीत सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: भिंतीवर रुग्णांच्या नावांची यादी, टेबलावर उघडं आधार कार्ड, कोपऱ्यात परवानगी न दिलेलं मूल.

कंपनीला दुवा पाठवताना यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे दुवा असलेल्यालाच तो दिसतो. मंजुरी आली की 'पब्लिक' करा.

## टप्पा १० : नंतरचं जतन

'तयार' फोल्डरात अंतिम फाइल, सबटायटलचा मजकूर आणि संगीताच्या परवान्याचा स्क्रीनशॉट ठेवा. परवानगीचे अर्ज स्कॅन करून त्याच उपक्रमाच्या फोल्डरात ठेवा, वेगळ्या कपाटात नकोत. दोन वर्षांनी कुणी फोन करून "माझा फोटो काढा" म्हणालं, तर कोणत्या फाइलमध्ये तो आहे हे शोधता आलं पाहिजे. त्यासाठी फोल्डरमध्ये एक साधी एक्सेल शीट ठेवा: माणसाचं नाव, फाइलचं नाव, कुठे कुठे टाकलं. विनंती आली की यूट्यूब, फेसबुक, संकेतस्थळ आणि कॅनव्हातली पोस्टरं अशी चारही ठिकाणं बघा. कॅनव्हा हमखास विसरतं, आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर तोच फोटो पुन्हा येतो.

अहवाल मंजूर होईपर्यंत आणि त्या वर्षाचं लेखापरीक्षण होईपर्यंत 'मूळ' आणि 'पुरावा' यातलं काही उडवायचं नाही. त्यानंतर हललेल्या क्लिप आणि प्रॉक्सी काढून जागा करा. 'पुरावा' मात्र करारात जितकी वर्षं लिहिली असतील तितकी ठेवा.